मावसांचा तांदुळजा

तापीच्या दोन्ही काठांवर पालेभाजीपायी इतक्या लोकांशी भांडलेला दुसरा माणूस झाला नसेल. माझ्या मावशीचे यजमान म्हणून मी त्यांना मावसा म्हणे. ते नंदुरबारच्या आमच्या बोर्डिंगचे सुपरिंटेंडंट झाले आणि थोड्याच दिवसांत सगळी बोर्डिंगच त्यांना मावसा म्हणू लागली. भाचा म्हणून मला त्यांनी एकच मान दिला होता, तो म्हणजे कुठलीही नवी भाजी सगळ्यांत आधी माझ्या ताटात पडे.

अंगानं काटकुळे, पण आवाज मोट हाकणाऱ्यासारखा. कोणी भेटलं की रामराम घालायच्या आधी विचारत, "काय खादं आज?" उत्तरानं समाधान झालं नाही तर समोरच्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आत लाली आहे का ते बघत. हेडमास्तरांची पापणीही त्यांनी एकदा भर वर्गात ओढली होती. ब्राह्मणपुरी गावातल्या एका लग्नात तर नवरदेव घोड्यावर बसलेला, वाजंत्री जोरात, आणि मावसा घोडा अडवून त्याची जीभ तपासत उभे! "पोरगा चांगला शे, पन भाजी खात नही," असा निकाल देऊन त्यांनी वरात पुढे सोडली. वरबापानं पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. चहा तेव्हा नुकताच आमच्याकडे शिरत होता. स्टेशनाबाहेर चहाच्या कंपनीची माणसं लोकांना फुकट चहा पाजत. मावसांनी त्यांच्या शेजारीच ताकाचा माठ मांडला आणि गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला आडवे जाऊन ताक पाजू लागले. चहावाल्यांनी काही दिवस सोसलं. शेवटी उन्हानं हैराण होऊन तेच ताक मागायला आले. हा आपल्या आयुष्यातला सर्वांत मोठा विजय, असं मावसा मावशीला अधूनमधून ऐकवत.

आमच्या बोर्डिंगचं जेवण ठरलेलं होतं. ज्वारीची भाकरी, पातळ डाळ आणि नंदुरबारच्या मिरचीची लालभडक चटणी. भाजी सणावारी. स्वयंपाकी महाराजांचं म्हणणं, चटणी असली की पोरं भाकऱ्या जास्त खातात, मग भाजी कशाला निवडायची? आम्हालाही ते पटे. पण त्या वर्षी पावसाळा सरता सरता काही पोरं दिवेलागणीला चाचपडायला लागली. एक जण प्रार्थनेला जाताना उंबऱ्याला अडखळून पडला, दुसऱ्यानं पाण्याचा रांजण समजून पिठाच्या डब्यात तांब्या बुडवला. आम्ही पोट धरून हसलो. मावसा मात्र हसले नाहीत. त्यांनी दोघांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हा रातांधळेपणा, पोटात भाजीपाला नाही म्हणून आलेला. असंच चाललं तर काहींचे डोळे कायमचे जातील.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उठून बघतो तर मावसा धोतर खोचून, कुदळ घेऊन आमचं हुतूतूचं मैदान खणत होते! बोर्डिंगच्या कमिटीच्या अध्यक्षांनी स्वतः उभं राहून सपाट करून घेतलेलं ते मैदान. शाळा-शाळांचे सामने तिथे होत. पण विहिरीजवळची मोकळी जमीन तेवढीच होती. अध्यक्ष टांग्यातून धावत आले.

"अहो, हे काय चालवलंय? पोरांनी खेळायचं कुठे?"

"डोळे राहिले तर कुठेही खेळतील," मावसा म्हणाले आणि कुदळ काही थांबली नाही.

त्यांनी तांदुळजा पेरला, मेथी पेरली, कुंपणाकडेला शेवगा आणि पपई लावली. ती येईपर्यंत मिळेल तिथून पाला आणला. ब्राह्मणपुरीच्या नातेवाइकांच्या मळ्यांतून तर असा आणला की त्यांना गाडीवरून उतरताना पाहिलं तरी लोक दारं लावत. महाराजांनी भाजी निवडायला नकार दिला, तेव्हा स्वतः मावशीला घेऊन चुलीपुढे बसले.

खरी लढाई पंगतीत झाली. मैदान गेल्यानं पोरं आधीच चिडलेली, त्यात रोज हिरवा पाला. हुतूतूचा आमचा कप्तान, शहाद्याकडचा दांडगा गडी, पुढारी झाला. संध्याकाळच्या पंगतीत त्यानं ताट पुढे सारलं.

"आम्ही काय ढोरं शेतस का, पाला खावाले?"

सगळ्यांची ताटं पुढे सरली. मावसा रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त स्वतःचं ताट उचलून कोपऱ्यात ठेवलं आणि भिंतीला टेकून बसले. "तुम्ही जेवा, मंग मी जेवसू."

दुसऱ्या दिवशीही तेच. आम्ही बाजारातून फुटाणे आणून चोरून खात होतो. मावसांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. वरण दिसलं की लहान मुलासारखा हरखणारा तो माणूस भरल्या चुलीशेजारी उपाशी बसला. मावशी आत डोळे पुसत होती, पण "जेवा" म्हणाली नाही. तिनं संसार याच माणसाशी केला होता.

त्या संध्याकाळी घंटा झाली तरी कप्तान पंगतीत आला नाही. मावसा त्याला शोधायला उठले, मी कंदील घेऊन मागे गेलो. तो विहिरीपलीकडे, काठाचा दगड दोन्ही हातांनी धरून उभा होता. एवढा दांडगा गडी, पण पाऊल उचलत नव्हता.

"मावसा," तो हळूच म्हणाला, "माले काहीच दिखी नही ऱ्हायनं."

"माले ठाऊक शे. चाल, मन्हा हात धर."

मावसांनी मला कंदील मागे धरायला खुणावलं आणि गप्पा मारत असल्यासारखं त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला पंगतीत आणलं. कुणाला काही कळलं नाही. ताटापाशी बसवून त्याचा हात अलगद भाकरीवर ठेवला. कप्तानानं घास मोडला, भाजीत बुडवला आणि तोंडात घातला. पुढारीच जेवायला लागल्यावर आम्ही काय करणार? सगळे निमूट जेवलो. शेवटच्या पोराचं ताट रिकामं झाल्यावर मावसांनी आपलं ताट ओढलं.

हिवाळा अर्धा सरेपर्यंत पोरं दिवेलागणीनंतर अंगणात पळू लागली. कप्तानही पळू लागला. पण कमिटीला मैदान हवं होतं. वाफे मोडा, नाहीतर नोकरी सोडा, असा निरोप आला. मावसांनी मावशीला विचारलं आणि वाफे तसेच ठेवून सामान बांधलं.

आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. गाडी हलली तेव्हा कप्तान मोठमोठ्यानं रडू लागला आणि मग कुणालाच आवरेना. मावसांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "रडत काय बठनात? भाजीले पानी टाका!" ते ओरडले.

परत आलो तर महाराज स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. "आज काय करू रे?" त्यांनी विचारलं. मग आपणच टोपली घेऊन वाफ्यांकडे गेले आणि उकिडवे बसून तांदुळजा खुडू लागले. थोड्या वेळानं आम्हीही त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.