एका पायाचं तेल

औषध न सुचवणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडायचा नाही. आणि सुचवलेल्या प्रत्येक औषधावर संशय घेऊन पुन्हा तेच तितक्याच निष्ठेने करून पाहणारा, माझ्या साडूंसारखा माणूस उभ्या महाराष्ट्रात दुसरा नसेल. त्यांची सारी नोकरी बदनापूरला शेती संशोधनाच्या वाफ्यांत गेली. एका वाफ्याला खत घालायचं, शेजारचा तसाच सोडायचा, आणि दोन्हींत फरक दिसला तरच खताला खत म्हणायचं, हा त्यांचा धर्म. टक्कल पडू लागलं तेव्हा केसांचं तेलही त्यांनी अर्ध्याच डोक्याला लावलं होतं. दोन्ही बाजूंचे केस सारख्याच वेगाने गेले, आणि साडूंनी दुकानदाराला तसं पत्र लिहून कळवलं.

त्यांची नात ईश्वरी नऊ वर्षांची. तिला स्नायू हळूहळू अशक्त होत जाणारा आजार आहे. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, पूर्ण बरं करणारं औषध नाही, व्यायाम चालू ठेवा, चालणं जपा. शाळेच्या तीन पायऱ्या ती कठडा धरून चढायची. त्या तिला चढता येत राहाव्यात, एवढंच त्या घराचं मागणं होतं.

पण आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना लोक एक वेळ केळी न्यायची विसरतील, औषध सांगायचं विसरणार नाहीत. कुणी ताईत आणला, कुणी लोहचुंबकाचा पट्टा, कुणी बकऱ्याच्या पायांचा रस्सा सांगितला. साडू सगळ्यांना एकच विचारत, "गुण कोणाला आला? नाव, गाव सांगा. म्या जाऊन बघतो." आणि खरंच जात. कुंभार पिंपळगावातला एक मुलगा एका बाबांच्या अंगाऱ्याने चालू लागल्याचं कळलं, तेव्हा ते उन्हातान्हात स्कूटर हाणत तिथे पोचले. मुलगा चालत कसला, धावत होता! साडूंचे डोळे भरून आले. मग चौकशीत निघालं की तो चिंचेवरून पडला होता, आणि प्लास्टर काढल्यावर चालू लागला होता. येताना त्यांनी अंगारा मात्र आणला. मी हसलो तर म्हणाले, "गुरुजी, आलोच व्हतो तर आणला."

पोटात घ्यायचं काहीही ते आधी आठ दिवस स्वतः घेत. जुन्या जालन्यातून आणलेल्या एका चूर्णाने त्यांना तिसऱ्याच दिवशी असे जुलाब झाले की सलाईन लावावं लागलं. मी रागावलो. ते पडल्या पडल्या समाधानाने म्हणाले, "पोरीला दिलं असतं, तर?" माझा राग तिथेच संपला.

मग आलं एकवीस जडीबुटींचं तेल. साडूंनी तीन महिन्यांचा प्रयोग लावला. तेल फक्त डाव्या पायाला, उजवा कोरा. दर सोमवारी शिंप्याच्या टेपने दोन्ही पोटऱ्या मोजायच्या, ईश्वरीने एकेका पावलाने आजोबांचा तळहात ढकलायचा, आणि जोराला दहापैकी गुण द्यायचे. सगळं वहीत. त्यांची बायको, म्हणजे आमच्या अक्का, संतापल्या. "अहो, पोरगी हाय का तुरीचा वाफा?" ईश्वरीला मात्र मजा वाटे. "आबा, उजवा पाय रुसून बसलाय," असं ती सांगे आणि आबा त्या पायाची रीतसर माफी मागत.

तीन महिने झाले तेव्हा मी तिथेच होतो. दोन्ही पाय तंतोतंत सारखे. साडू वही मांडीवर घेऊन टेप गुंडाळत बसले. तेवढ्यात अक्का दारातूनच म्हणाल्या, "म्या उजव्याला लावून राह्यले रोज दुपारी. तुम्ही झोपलात की. त्या पायानं काय पाप केलं व्हतं?"

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. एका वाफ्याचं पाणी दुसऱ्यात गेलं म्हणून या माणसाने मजुरांशी महिनाभर अबोला धरला होता! पण साडूंचा चेहरा खुलला. "मंग प्रयोग बादच की! बिलकुल बाद! तेलानं फरक पडत न्हाई असं आता कोणी म्हणू शकत न्हाई. बराबर ना, गुरुजी?"

वही माझ्या हातात आली. मी जन्मभर गणित शिकवलं, मला पहिलं पान आणि शेवटचं पान ताडून बघायला वेळ लागला नाही. दोन्ही पाय सारखे होते हे खरं, पण सारखेच उतरले होते. पोटऱ्या बारीक झाल्या होत्या, जोराचे गुण सातावरून पाचावर आले होते. आकडे साडूंच्याच हाताने लिहिलेले होते. मला दिसलं ते त्यांना दिसलं नसेल असं कसं म्हणू?

"पुन्हा लावायचा का प्रयोग?" मी विचारलं.

"न्हाई," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आता दोन्हीला लावू."

मी वही मिटून कपाटावर ठेवली. साडूंनी वाटीतलं तेल माझ्यापुढे सरकवलं. "उजवा तुम्ही धरा. जल्दी, तिला शाळेत जायचंय."

ईश्वरीने पाय माझ्या मांडीवर टाकला. इतका हलका होता की मांडीवर काही आहे असं वाटेना. "हळू हो, आजोबा," ती म्हणाली. असल्या तेलांना आयुष्यभर हसत आलेला मी, हळूहळू ती पोटरी चोळत होतो आणि मनातल्या मनात त्या तेलालाच विनवत होतो, लागू पड बाबा, एवढ्या एका पोरीला तरी लागू पड.