काळ्या काचेमागचे ओठ

सरोवराकाठच्या गोलो गावातल्या मासेमारी धक्क्यावर एक पत्र्याचा व्हिडिओ हॉल आहे. तिथे बोसा माइक धरून बसतो. परदेशी चित्रपट पडद्यावर चालू असतो आणि त्यातलं बोलणं तो गावच्या लुगांडा भाषेत सांगतो. कळलं तेवढं सांगतो, उरलेलं रचतो. पात्रांना गावातल्याच माणसांची नावं देतो. ज्याचं नाव येतं तो बाकावर ताठ होतो, बाकीचे त्याची टर उडवतात.

अंतराळातले चित्रपट लोकांना आवडतात. बोसाला त्यांची भीती वाटते. ते उद्याविषयी नसतातच, असं त्याचं मत. एवढी यंत्रं बांधणाऱ्यांनाही शेवटी एकच धास्ती असते, गेलेला परत येईल की नाही. एकदा पोरांनी त्याला फोनवर मंगळाच्या खडकात दिसणारं दार दाखवलं. ती सावली आहे, असं खाली लिहिलं होतं. बोसा म्हणाला, "असेल. पण दार दिसलं की कुणीतरी ठोठावणारच."

एका चित्रपटाची भाषा धक्क्यावर कुणालाच येत नव्हती. त्यात यानाबाहेर काम करणाऱ्या माणसाचा दोर तुटतो आणि तो अंधारात वाहत जातो. पहिल्या बाकावर कवेसी कोळी बसला होता. बोसाने दोर तुटलेल्याला त्याचंच नाव दिलं. सगळ्यात मोठ्यानं कवेसीच हसला.

त्याच आठवड्यात कवेसीची होडी सरोवरावरून रिकामी आली.

प्रेत सापडत नाही तेव्हा तिथे त्याच्या जागी केळीचं खोड झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळून पुरतात. कुळातले म्हातारे खोड तोडायला निघाले, तर कवेसीची बायको नाकिबुले वाटेत आडवी आली. मग ती दुपारी हॉलवर आली आणि तोच चित्रपट लावायला सांगितलं.

"भावजी, टोपाच्या काचेमागे त्याचे ओठ हलतायत," ती म्हणाली. "काय म्हणतोय?"

बोसाने नीट पाहिलं. हलत होते खरे. तिचं तोंड बघून त्याच्या जिभेवर आलं ते तो बोलला, "चूल पेटती ठेव म्हणतोय. वाटेत आहे."

त्यानंतर ती दर आठवड्याला यायची. घरी रोज मातोकेचं, शिजवलेल्या हिरव्या केळ्यांचं, एक ताट झाकून ठेवायची. धाकटं पोर त्या ताटाकडे बघत उपाशी झोपायचं, पण ताटाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. कुळाचा म्हातारा बोसाकडे आला तेव्हा चिडलेला नव्हता, थकलेला होता.

"तू त्याला बोलता ठेवलायस," तो म्हणाला. "तोवर ती जिवंतांत यायची नाही. सोड त्याला, बाबा."

पुढच्या खेळाला दोर तुटला, ओठ हलू लागले. बोसाने माइक जवळ ओढला. तो सावकाश बोलला, "नाकिबुले, ताट पोराला दे. मला इथलं पाणी मानवलंय."

 ती उठून गेली. दोन दिवसांनी खोड पुरलं.

त्यानंतर ती एकदाच आली. दोर तुटला. बोसा माइक तोंडाशी धरून थांबला, पण काचेमागे ओठ मिटलेले होते. माणूस तसाच वाहत गेला.

"राहू द्या, भावजी," ती हळूच म्हणाली. "गप्प झालाय तो."

खेळ सुटून हॉल रिकामा झाल्यावर हॉलचा मालक करवादला, "ऐन वेळी वाचा बसली होय रे तुझी? लोक पैसे मोजून येतात."

"बोलू काय? त्याचे ओठच हलले नाहीत."

"ओठ?" मालकाने तो तुकडा मागे नेऊन थांबवला. "ये, बघ. काच काळी ठिक्कर आहे. पहिल्यापासून तशीच आहे. तोंड कधी दिसलंय त्याचं?"

बोसा पडद्याजवळ गेला. काच काळीच होती, आणि तिच्यात हॉलमधले बाक उमटल्यासारखे दिसत होते. पहिल्या बाकावर, कवेसी बसला होता तिथेच, कुणीतरी बसलेलं होतं. मागे वळून पाहायचं त्याने टाळलं.