गल्ली फिरून आलेलं बिरडं

पनवेलजवळच्या विचुंब्यात राहायला आले आणि पहिल्याच महिन्यात एका वाटीवरून माझी लाज गेली. आमच्या इमारतीसमोरच्या जुन्या घरातल्या काकींनी तांदळाची खीर पाठवली होती. मी ती खाल्ली, वाटी घासूनपुसून लखलखीत केली आणि पुण्याच्या शिस्तीत दुसऱ्याच दिवशी परत नेऊन दिली. काकींनी वाटीत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“रिकामी आनलीस?”

एवढं बोलून त्या आत गेल्या, वाटीत मूठभर चुरमुरे भरून आणले आणि मला घरी पिटाळलं. “आता नीट आन.” मी घरी येऊन उभ्याउभ्या चुरमुरे खाल्ले, त्याच वाटीत साखर भरली आणि पुन्हा रस्ता ओलांडला. तेव्हा कुठे वाटी घरात घेतली गेली.

भांडं रिकामं परत करायचं नाही, हा आमच्या गल्लीचा कायदा. मुद्दाम काही करायची गरज नसते, चार लिंबंसुद्धा चालतात. पण भांड्याचा तळ दिसता कामा नये. या कायद्यामुळे इथे कुठलंच भांडं आपल्या घरी टिकत नाही. हे लिहितानाही माझ्या ओट्यावर दुसऱ्यांची पाच भांडी आहेत आणि माझा चांगला झाकणाचा डबा कुठे आहे ते मला ठाऊक नाही. नवऱ्याच्या मते मी याबाबतीत आता गाववाल्यांपेक्षा जास्त गाववाली झाले आहे. त्याला काय, तो आयतं खातो.

गेल्या वर्षी काकींना मोठा ताप आला. पंधरा दिवस अंथरुणात काढून त्या उठल्या त्या थेट चुलीपाशी गेल्या आणि आठवड्याभरात त्यांच्या घरून वालाचं बिरडं आलं. पहिला घास घेतला आणि मी पाण्याच्या बाटलीकडे धावले. इतकं खारट, की मीठच मुख्य आणि वाल तोंडी लावायला. मला वाटलं, चुकून दोनदा पडलं असेल. पण पुढच्या महिन्यात कालवण तसंच, त्याच्या पुढे भाजी तशीच.

सांगायचं कोणी? काकींचं वय सत्तरीच्या पुढे. गावातल्या निम्म्या लग्नांत बिरडं त्यांच्या हातचं. मी त्यांच्यासमोर वाल सोलायला बसले की माझ्या हातावर चापटी मारून शिकवणाऱ्या त्या. मी आपली ‘छान झालं होतं हं, काकी’ म्हणत गेले. घरी ते बिरडं चाळणीत घेऊन नळाखाली धरायचे, बटाटा घालून पुन्हा उकळायचे आणि तरीही नवरा रात्री तीनदा पाणी प्यायला उठायचा. पुढे कळलं की खुद्द त्यांची सूनसुद्धा त्यांची पाठ वळली की पातेल्यात तांब्याभर पाणी ओतत होती. सगळी गल्ली मिळून खोटं बोलत होती आणि प्रत्येकीला वाटत होतं, आपण एकटीच बोलतो आहोत.

यंदा काकींच्या नातीचं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी दुपारचं जेवण, दोनेकशे पानं, आणि बिरडं अर्थातच आजीच्या हातचं. सून म्हणाली, बाहेरून मागवू या, तुम्ही आराम करा. काकी भडकल्या. “माज्या नातीचे हलदीला भायेरचा मानूस? मी काय मेलंय?” माझ्याकडे येऊन त्यांनी सुनेची तक्रारही केली. म्हणाल्या, “मना चुलीवरशी उठवाया बगतेत. का, त्ये कलत नाय.” मला कळत होतं. मी चहा केला आणि विषय बदलला. आता आठवलं तरी स्वतःचा राग येतो.

हळदीला आठ दिवस उरले होते तेव्हाची ही गोष्ट. सकाळी काकींकडून बिरड्याचं पातेलं आलं. त्याच वेळी माझ्या ओट्यावर आमच्या खालच्या मजल्यावरच्या भाभींचा डबा चार दिवसांपासून पडून होता. भाभी पनवेलच्याच, जुन्या कोकणी मुसलमान घरातल्या. नवरा आखातात, आणि त्यांच्या हातची सांदणं अशी, की डबा उघडल्यावर मोजून खायची शपथ मोडते. त्यांचा डबा परत करायचा, तर आत काहीतरी हवं. घरात लिंबू नव्हतं. बिरडं होतं.

मी एक बटाटा घालून ते उकळलं, चाखलं, डोळे मिटले, आणि डब्यात भरून खाली नेऊन दिलं. भाभींनी कौतुकानं विचारलं, “तुम्ही केलंत?” आणि माझ्या तोंडातून ‘हो’ निघून गेलं. काकींचं म्हणून सांगितलं असतं तर काकींची बदनामी झाली असती, असं मी नंतर स्वतःला समजावलं. खरं म्हणजे शिळ्यापाक्यासारखं दुसऱ्याचं उचलून दिलं हे कळू द्यायचं नव्हतं.

तासाभरानं काकी आमच्या दारात. जिना चढून दम लागलेला, हातात त्यांचंच एक स्टीलचं भांडं. आत न येता त्या उंबऱ्यावरच बसल्या आणि भांडं माझ्यासमोर ठेवलं.

“ह्ये कुनी केलंय?”

भांड्यात बिरडं होतं. वर माझा बटाटा तरंगत होता.

“कुठून आलं हे?” मी भोळेपणानं विचारलं.

“भाभीनं पाठवलंय. माजं भांडं तिचेकरं व्हतं. म्हनते, वरचे बाईनं केलंय. तू केलंस?”

एक खोटं बोललं की दुसरं आपोआप येतं. “हो काकी, मीच. तुमच्यासारखं करून पाहिलं.”

काकींनी दोन बोटं भांड्यात घातली आणि एक फोड बाहेर काढली. आंबोशीची. काकी बिरड्यात आमसूल घालत नाहीत. स्वतःच्या कैऱ्या, सालासकट चंद्रकोरीसारख्या कापून, पत्र्यावर वाळवून ठेवतात आणि त्याच घालतात. ती फोड त्यांनी माझ्या नाकासमोर धरली.

“मी माजी फोर वलखत नाय?”

तेवढ्यात, खालून सगळं ऐकत असाव्यात, भाभी वर आल्या. काकींनी त्यांनाही तीच फोड दाखवली. भाभींनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे.

“खाला, खुदा माफ करे,” भाभी काकींना म्हणाल्या, “मला वाटलं यांनी केलंय. पुण्याच्या आहेत, मीठ जास्त पडलं असेल बिचाऱ्यांकडून. टाकवेना. तुमचं भांडं रिकामं कसं पाठवायचं, म्हणून...”

म्हणजे काकींच्या खारटपणाचा आळ माझ्यावर येऊन बसला होता आणि भाभींनी मला बिचारी ठरवलं होतं. एरवी मी यावर तासभर भांडले असते. पण काकींचा चेहरा पाहिला आणि भांडायचं विसरले.

त्या ती फोड बोटांत फिरवत होत्या. मग म्हणाल्या, “दोन घरां फिरून आलं. आनि एकीनंबी खाल्लं नाय.” माझ्याकडे वळल्या. “मीठ लय परतंय?”

मी मान हलवली.

“कवापासून?”

“तापापासून,” मी म्हणाले.

“तापानं जीभ गेली माजी. काय बी लागत नाय. गोर नाय, तिखट नाय, मीठ नाय. भात खाल्ला का कागूद, मना सारखंच.” हे त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं, सांगितलं तर चुलीपासून उठवतील म्हणून. “हातानं घालते अंदाजानं. वाटलं, चुकलं तर कुनी तरी बोलंल. वरीस झाला, सगल्या म्हनतेत छान, छान. मना वाटलं, हात गेला नाय अजून.”

वर्षभर आम्ही त्यांचं मन राखलं म्हणून स्वतःवर खूश होतो. भाभींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी काकींचे पाय धरायला वाकले, तर त्यांनी माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. “ऊठ. हलदीला ये सकालचे. मीठ तू चाखनार. आनि सुनेला काय बोललीस तर बग.” भाभींनाही त्यांनी कांदे चिरायला बोलावलं. शिक्षा म्हणून.

हळदीच्या सकाळी मांडवामागे तीन दगडांवर भलं मोठं टोप चढलं. सून, नणंदा, शेजारणी सगळ्या भोवती, आणि प्रत्येकीच्या तोंडावर एकच चिंता. काकी मिठाचा डबा मांडीत घेऊन बसल्या आणि मला जवळ ओढलं, जणू सहज. मूठ घातली, माझ्यापुढे डाव केला. मी चाखून डोळ्यांनीच खुणावलं, अजून. चिमूट घातली. अजून. बायका कुजबुजू लागल्या, की पुणेरी बाई काकींच्या बिरड्यात नाक खुपसते आहे. मनात म्हटलं, नाक कसलं, आज जिभेचं काम आहे.

शेवटी मी म्हणाले, “बास, काकी. छान झालंय.”

“छान तर तू वरीसभर बोलतंस,” त्या हळूच म्हणाल्या. “कसं लागतं, त्ये सांग.”

मी पुन्हा डाव घेतला. या वेळी सावकाश खाल्लं. “आधी नारळाची गोडी येते,” मी म्हणाले. “मग वाल. दाताखाली लोण्यासारखा मऊ होतो, आणि अगदी मागाहून थोडा कडवट लागतो. मग आंबोशीची आंबट चव, ती गालात राहते.”

“आनि मीठ?”

“मीठ आहे असं कळतच नाही.”

“मंग बराबर परलंय.” काकींनी डबा बंद केला आणि सुनेला पानं मांडायला सांगितलं. सुनेनं घाबरत घाबरत चाखलं, आणि तिचा चेहरा एकदम सैल झाला. बायका पांगल्या. मीही उठायला लागले, तर काकींनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं. त्यांनी टोपातला एक वाल उचलून तोंडात टाकला आणि डोळे मिटून चघळत राहिल्या.

“वालाचं पुन्यांदा सांग,” त्या म्हणाल्या. “हलू सांग.”