न सापडलेली सुई

मला सवत नाही. असती तरी तिच्यावर मी इतकी जळले नसते, जितकी त्या मेर्येमेवर जळते. बाई मूळची प्रिझरेनची, आता व्हिएन्नात राहते म्हणे, आणि मोबाईलमधून थेट आमच्या श्कोदरातल्या घरात येऊन बसते. तेही माझ्या पोरीच्या खोलीत, आतून कडी लावून!

पोरगी माझी एरिसा. नर्सिंग शिकते, दुपारी कोपऱ्यावरच्या गरम ब्युरेक भाजून विकणाऱ्या दुकानात गल्ल्यावर बसते. लहानपणी माझ्या शिलाई मशीनखाली चिंध्यांच्या ढिगात झोपायची. बुटाची नाडी कशी बांधायची इथपासून पोटात का दुखतंय इथपर्यंत सगळं मला विचारायची. आता सगळं मेर्येमेला विचारते.

सुरुवात साधीच झाली. कॉलेजात कुणीतरी बाहेरून आलेल्या मुलीनं हिला विचारलं, "तू मुसलमान ना? मग नमाज कसा पढतात, सांग की." हिला सांगता येईना. घरी आल्याआल्या माझ्यासमोर उभी.

"आई, आपण मुसलमान म्हणजे नक्की काय गं?"

मी कुणाच्या तरी पँटची चेन उसवत होते. म्हटलं, "बैरामच्या सणाला बकलावा करतो, माणूस गेलं की दुआ पढायला होजाला बोलावतो. अजून काय पाहिजे?"

खरं सांगते, त्यापलीकडे मला काही येतच नव्हतं. मी शाळेत होते तेव्हा देशात कम्युनिस्ट राजवट, देवावरच बंदी होती. मशिदीला कुलूप. घरात कुणी नमाज पढताना दिसलं तर बापाची नोकरी जायची, आणि कधीकधी बापच जायचा. आमच्या वाट्याला धर्म म्हणून आला तो बकलावाच.

मग एरिसानं मोबाईलला विचारलं. तिथे काय तोटा! एक दाढीवाला म्हणाला गाणं हराम, दुसरा म्हणाला गाणं चालेल पण ढोल नको. तेतोवोची एक मुलगी हिजाब बांधायच्या नाना तऱ्हा दाखवायची, तर लंडनची एक ठणकावून सांगायची की डोकं उघडं असलं म्हणून मी काही कमी मुसलमान नाही. एरिसा सगळ्यांचं ऐकायची. एका आठवड्यात नखं पुसलेली, पुढच्या आठवड्यात परत लालभडक. माझ्या दुकानातली अस्तराची कापडं डोक्याला गुंडाळून आरशात बघायची, तोंड वाकडं करायची, काढून टाकायची. तेव्हा माझं काही म्हणणं नव्हतं. कापड तरी माझं होतं.

मग ती मेर्येमे उगवली. तिचा मुलींचा ग्रुप, तिरानापासून स्वित्झर्लंडपर्यंतच्या. एकमेकींना बहीण म्हणतात. माझी पोर एकुलती एक, आणि तिला ग्रुपभर बहिणी!

"एवढं काय सांगते गं ती तुम्हाला?" एकदा न राहवून विचारलंच.

"ती सांगत नाही आई, विचारते. मग आम्ही बोलतो."

"मी नाही विचारत?"

"तू विचारतेस, जेवलीस का."

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. जेवलीस का हा काय वाईट प्रश्न आहे? मेर्येमेला म्हणावं, विचारून बघ कधीतरी. उपाशी झोपशील तेव्हा व्हिएन्नाहून कोणी ताट घेऊन येणार नाहीये.

दार लागायचं आणि मी कणीक मळता मळता कान लावून उभी राहायचे. आतून हसण्याचे आवाज. माझ्याशी ही पोरगी शेवटची कधी हसली होती, आठवत बसायचे.

त्यात घरातच दुसरी चोरटी निघाली. कोण? तर माझी सख्खी थोरली बहीण, नाफिए.

"शुक्रवारी मावशी येणारे," एरिसा म्हणाली. "मला नमाज दाखवायला. मेर्येमे म्हणाली, व्हिडिओवर किती दिवस शिकाल, घरातल्या मोठ्या माणसाकडून शिका."

"मग मी कोण, घरातलं मांजर?"

"तुला येतो?"

मग म्हटलं, "ताईला तरी कुठून येतो?"

"आजीनं शिकवला तिला."

माझ्या हातातली कात्रीच खाली पडली. आमची आई, झेनेपे, बंदी उठायच्या आदल्या वर्षी गेली. तिनं ताईला नमाज शिकवला होता? आणि मला पत्ता नाही?

शुक्रवारी ताई तळ्यावरचा ताजा मासा घेऊन आली. तो हातात घेतला आणि ओट्यापाशीच तिला धरलं.

"आईनं तुला शिकवलं?"

"हो."

"कधी?"

"रात्री. तू झोपलीस की दार लावून."

"आणि मी काय परकी होते?"

"लिरी, तुझ्या तोंडात तीळ भिजत नव्हता. शाळेत बाई मुद्दाम विचारायच्या, घरी आई काय करते, काय खाते. तू सगळं सांगून मोकळी झाली असतीस. आई तरी काय करणार?"

ती आत गेली. कडी वाजली. मी माशाचे खवले असे खरवडले की भिंतीवर उडाले. आईनंही मला बाहेर ठेवलं आणि लेकीनंही. दोघींमध्ये मी नुसती स्वयंपाक करायला! शेवटी राहवलं नाही. तशीच सुरी हातात घेऊन गेले आणि सुरीच्या मुठीनं दार धडाधडा वाजवलं.

ताईनं दार उघडलं, तोंडावर बोट ठेवलं. एरिसा चटईवर नमाज पढत होती. कपाटावर मोबाईल टेकवलेला, त्यात मेर्येमेची बडबड चालू. एरिसा गुडघ्यावर आली. कपाळ टेकण्याआधी तिनं उजवा तळहात जमिनीवर अलगद फिरवला, इकडून तिकडे, काहीतरी चाचपल्यासारखा. मग वाकली. उठली. पुन्हा हात फिरवला, पुन्हा वाकली.

मी दाराशीच बसले.

नमाज संपवून एरिसानं मान वळवली. "आई, काय झालं?"

"तो हात," मी म्हटलं. "हात का फिरवलास?"

"मेर्येमे नाही करत तसं. पण मावशी म्हणते, आजी असंच करायची."

"असंच करायचं असतं," ताई म्हणाली. "आईनं शिकवलंय. आयुष्यभर करतेय मी."

"नाही गं बाई," मी म्हटलं. "ती सुई आहे."

दोघी माझ्याकडे वेड्यासारख्या बघायला लागल्या. मग मी सांगितलं. दुपारी ताई कारखान्यात असायची. आई खिडकीपाशी शेजारपाजारच्या रजया शिवायची. मी बाहेरून खेळून यायचे तर आई जमिनीवर वाकलेली. मला बघितलं की हात फिरवायची. "सुई पडली गं लिरी, शोधतेय." मग मीही तिच्या शेजारी वाकायचे, गाल जमिनीला लावून, कारण खालून बघितलं की सुई चमकते. ती उठली की मी उठायचे. ती परत वाकली की मीही. सुई एकदाही सापडली नाही. शाळेत बाईंनी विचारलं तेव्हा मी सगळ्या वर्गाला सांगितलं, आमच्या आईच्या हातात सुईच टिकत नाही. सगळे हसले होते.

"तो हात माझ्यासाठी होता," मी म्हटलं. "सवयीनं तुझ्यासमोरही फिरवत असेल."

ताई पलंगावर बसली. "म्हणजे तू रोज तिच्या शेजारी?"

"हो."

"दार उघडं टाकून?"

"हो की."

"मला ती शेजारी कधी घ्यायची नाही," ताई म्हणाली. "समोर बसून चुका काढायची." तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी लगेच ओळखलं. वर्षभर आरशात तेच बघत होते.

एरिसानं हात लांब करून मोबाईल बंद केला. मेर्येमे अर्ध्या वाक्यात गेली.

"आई," चटईवर बाजूला सरकत ती म्हणाली, "आजी कशी वाकायची? दाखव ना मला."

सुरी खाली ठेवली, माशाचे हात धुऊन आले आणि तिच्या शेजारी गुडघे टेकले. हात आपोआप फिरला. कपाळ टेकलं तशी मला हुंदका आवरेना. एरिसाही वाकली होती. खालूनच तिनं माझ्याकडे बघितलं.

"मेर्येमेला सांगू हे?"

"सांग की," मी म्हटलं. "जळू दे जरा तिला."