खोट्या पायाची शपथ

"खोटं असंल तर हा पाय तुटून पडू दे!" असं म्हणून मेजर आपल्या डाव्या नडगीवर बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक करायचे. आवाज बंद दारावर वाजवल्यासारखा यायचा, कारण तो पाय लाकडाचा होता. नवखा माणूस गंभीर व्हायचा. आम्ही इस्लामपूरचे लोक हसायचो. ज्या पायाचं जे व्हायचं ते आधीच होऊन गेलंय, त्याची शपथ घ्यायला भीती कसली?

तसे ते मेजर नव्हते. फौजेतून नाईक म्हणून घरी आले होते. पण आमच्याकडं लष्करातून परतलेला माणूस तिथं जन्मभर लंगरात रोट्या भाजत असला तरी गावात मेजरच असतो. हुद्दा सरकार देतं, बढती गाव देतं. तुमच्याही गल्लीत असा एखादा मेजर असेलच. आमच्या मेजरांचा सीमेवर सुरुंगावर पाय पडला होता. गुडघ्याखालचा भाग तिथंच राहिला. पुण्याच्या लष्करी दवाखान्यातून नवा पाय बसवून हा गडी गावी आला, तो आला आणि थेट सायकलवर बसला.

अपंगत्वाची पेन्शन होती, पण घरी बसणं त्यांना जमणारं नव्हतं. पहाटे सांगलीच्या गाडीतून पेपरचे गठ्ठे उतरायचे, ते घेऊन मेजर वीस वर्षं गावभर फिरले. इतर पोरं पेपर फेकून जातात. मेजर हातात द्यायचे, आणि वर मथळा तोंडी ऐकवायचे. मास्तरांच्या दारात पगारवाढीचा, उसवाल्याच्या दारात दराचा. कुणी शंका काढलीच, तर उत्तर ठरलेलं.

"छापून आलंय की. कुणीतरी तपासलं असंल का न्हाई?"

हा जो कुणीतरी, तो मी होतो.

सांगलीच्या एका दैनिकाचा मी इस्लामपूरचा वार्ताहर. दिवसा टायपिंगचे क्लास, संध्याकाळी पत्रकारिता. बातमी लिहायची, पाकिटात घालायची आणि पाचच्या सांगली गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायची. गाडी सुटली की बातमी गेली. तपासायला वेळ असायचा, पण तो मी चहाच्या टपरीवर घालवायचो. एकदा मी एका जिवंत सरपंचाला श्रद्धांजली वाहिली होती. ते स्वतः आभार मानायला आले. म्हणाले, "माझ्याबद्दल एवढं चांगलं लिवाय मी मरायला लागतो व्हय?"

ही चूक गावानं हसण्यावारी नेली. पुढची नेता आली नाही.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. पुण्याहून आलेला एक ओळखीचा कारकून टपरीवर म्हणाला, "हातपाय गेलेल्यांच्या पेन्शनीत काहीतरी बदल होणार म्हणे. परत तपासणी वगैरे. विचार चाललाय." घड्याळात पावणेपाच. मी क्लासवर धावलो आणि लिहायला बसलो. 'विचार चाललाय' हे वाक्य शेवटच्या परिच्छेदात ठेवलं, कारण ते वर घेतलं की बातमीतला दमच जातो. मी नेहमीच खरं काय ते शेवटच्या परिच्छेदात ठेवायचो. मग वाटलं, एखादं ठसठशीत उदाहरण हवं. तेवढ्यात खिडकीबाहेरून घंटी वाजवत मेजर सायकलवरून गेले. मी लिहिलं, 'चालते-फिरते, एवढंच काय, सायकल चालवताना आढळणाऱ्यांचीही पेन्शन बंद होणार.'

नेमकी त्या संध्याकाळी सांगलीच्या ऑफिसात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात आली. जागा कमी पडली. बातमी खालून कापतात. माझा शेवटचा परिच्छेद त्या पुढाऱ्याच्या हाराखाली गेला.

दुसऱ्या दिवशी मेजर आमच्या दारात आले ते सायकल हातात धरून, लंगडत. वीस वर्षांत मी त्यांना लंगडताना पाहिलं नव्हतं. पेपर दिला, मथळा सांगितला नाही. तिसऱ्या दिवशी पेपर आलाच नाही. चौथ्या दिवशी मेजर आले ते कुबड्यांवर. डाव्या पायजम्याची खालची घडी पिनेनं वर टाचलेली. पाय घरीच.

"वार्ताहर, लय उपकार झाले तुमचे."

"कसले उपकार?"

"आगाऊ कळवलंत. न्हाईतर चांगला चालताना घावलो असतो की! पेन्शन गेल्यावर म्हातारीनं काय खायचं?"

मी कपाळाला हात लावला. "मेजर, अहो तो नुसता विचार आहे. हुकूम नाही. आणि सायकलचं तर मीच घातलंय. तुम्हाला क्लासच्या खिडकीतून बघितलं आणि घातलं."

"तेच म्हणतोय मी," मेजर खाली वाकून हळूच म्हणाले. "तुमी खिडकीतनं बघितलं. सरकारला काय खिडकी न्हाई व्हय?"



आठ दिवसांत माझी बातमी माझ्यापेक्षा लांब फिरून आली. कुणी म्हणे, सांगलीहून साध्या वेशातली माणसं सुटलीत, स्टँडवर बसून बघतात, कोण पळत गाडी धरतो. एका हाताच्या एका जवानानं मळ्यात पाणी पाजायला जाणं सोडलं. एक जण मलाच सांगायला आला, "आवं, फोटो काढत्यात म्हणं." मी म्हणालो, सगळं खोटं आहे. तो म्हणाला, "तुमीच छापलंय न्हवं?"

मी धडपडून खुलासा छापवून आणला. सहाव्या पानावर, बोटभर, बारीक अक्षरात. स्वतः घेऊन मेजरांकडं गेलो. त्यांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला, आणि आजूबाजूला बघून विचारलं, "दडपण कुणी आणलं तुमच्यावर?"

"कुणीही नाही!"

"वार्ताहर, वीस वर्सं पेपर वाटलाय मी. खुलासा कवा येतो? खरं छापलं आन् ते कुणाला तरी झोंबलं, तवा. मोठं अक्षर बगा न् हे बगा. भ्यालाय तुमी. पर मी न्हाई इसरणार." आणि बोटं नडगीवर वाजवायला गेली, ती पायजम्याच्या रिकाम्या घडीत बुडाली.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको, आमच्या सगळ्यांच्या काकू, भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन आल्या. पिशवी माझ्या टाईपरायटरवर आदळली.

"घ्या. ह्या त्यांच्याकडनं. उपकार केलासा म्हणत्यात." जाता जाता उंबऱ्यात थांबल्या. "माझ्याकडनं काय द्यायचं, ते मी आठवतीया."

शेवटी मी मेजरांना सांगलीला, माजी सैनिकांचं काम बघणाऱ्या साहेबांकडं नेलं. मेजरांनी कुबडी काखेत दाबून कडक सलाम ठोकला. साहेब भला माणूस होता. त्यानं सगळं ऐकून विचारलं, "मेजर, तुमचा पाय परत उगवणार आहे का?"

"न्हाई, सर."

"मग पेन्शन कशी जाईल? बिनधास्त पाय घाला, चाला, सायकल चालवा."

"सर, एवढं लेखी द्या."

साहेब हसले. मग त्यांच्या लक्षात आलं, की हा माणूस विनोद करत नाही. "अहो, जो हुकूम निघालाच नाही, तो निघाला नाही असं लेखी कसं देऊ? कुठल्या नंबरचा हुकूम निघाला नाही, म्हणून लिहू?"

बाहेर आल्यावर मेजरांनी मला कोपरानं ढोसलं. "बगितलं? तोंडी हवं तेवढं बोलत्यात. कागदावर याला तयार न्हाईत." खोटं छापायला मला पंधरा मिनिटं लागली होती, आणि खरं लिहून द्यायला सबंध ऑफिसात नंबर सापडत नव्हता.

नोव्हेंबर आला. पेन्शनवाल्यांनी दरवर्षी या महिन्यात बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचं दाखवायचं असतं. एरवी मेजरांचा तो सणच. सायकल बँकेच्या पायरीला टेकवायची, काउंटरसमोर उभं राहून "हजर हाय, साहेब! खोटं असंल तर हा पाय..." आणि टकटक. सगळी बँक हसायची. त्या वर्षी ते रिक्षातून आले, कुबड्यांवर रांगेत उभे राहिले. कॅशियरनं मान वर केली आणि प्रेमानंच, पण मोठ्यांदा विचारलं, "काय मेजर, सायकल कुठाय आज?"

रांगेतले सगळे वळून बघायला लागले. मी तिथंच होतो. मेजरांचा चेहरा असा झाला, जसा चोरीचा माल सापडलेल्या माणसाचा होतो. स्वतःच्याच पायावर चालण्याची चोरी.

त्याच आठवड्यात त्यांनी घर आवरलं. लेक आटपाडीकडं दिली होती, तिच्या वस्तीवर राहायला निघाले. स्टँडवर मी हात जोडले. "मेजर, कशासाठी जाताय?"

"इथं अख्खं गाव साक्षीदार हाय माझ्या चालण्याला. तिकडं कुणी मला दोन पायांवर बगितलंच न्हाई."

एसटीच्या टपावर ट्रंक चढली, मागून सायकल चढली. मी विचारलं, "ही कशाला?" मेजर दुसरीकडं बघत म्हणाले, "जावयाला हुईल."

दोनेक वर्षांनी खरोखरचे नवे नियम आले. मी त्याची प्रत मिळवली आणि चार वेळा वाचली. लग्न ठरल्यावर बायकोनं पाठवलेलं पत्रही मी इतक्या बारकाईनं वाचलं नव्हतं. चालण्याचं, सायकलचं अक्षरही नव्हतं. शिक्का होता, नंबर होता. मी तो कागद छातीशी धरून आटपाडीची गाडी पकडली.

वस्ती माळावर, डाळिंबाच्या बागेला लागून. मेजर अंगणात बाजेवर, कुबड्या शेजारी. मला बघून डोळे भरले. मी कागद दिला, नंबरावर बोट ठेवलं. त्यांनी तो वाचला, घडी घातली, उशाखाली सरकवला. म्हणाले, "तुमचा जीव लय चांगला हाय."

म्हणजे विश्वास बसला की नाही, कळायला मार्ग नव्हता. मी चिडलोच. "मेजर, खरं सांगा. पाय घालता की नाही कधी?"

"न्हाई वो. खोटं असंल तर..."

बोटं रिकाम्या घडीपर्यंत गेली आणि थांबली. उजवा पाय होता शेजारी, चांगला हाडामांसाचा. त्याच्यावर ती वळली नाहीत. शपथ तशीच अर्धी राहिली.

रात्री मुक्काम केला. सकाळी उजाडता उजाडता टमरेल घेऊन मी माळावर गेलो आणि एका बाभळीमागं बसलो. असा बसलेला असताना कानावर घंटी आली. ती घंटी मी वीस वर्षं अंथरुणातून ऐकलेली.

माळाच्या वाटेवरून मेजर सायकलवर येत होते. दोन्ही पाय पायडलवर, मान ताठ, टोपी तिरकी. पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही. तरी वळणावर घंटी वाजवत होते, आणि एका खुरट्या लिंबासमोर वेग कमी करून त्यांनी हात पुढं केला. पेपर द्यावा तसा. काहीतरी बोललेही. मथळाच असणार.

मला उठून उभं राहता येईना. एक तर मी ज्या अवस्थेत होतो ती उभं राहण्याची नव्हती. आणि दुसरं, जगात त्यांना ज्याच्या नजरेची सगळ्यात जास्त भीती असेल, तो मीच. मी मान खाली घालून बाभळीच्या बुंध्याला चिकटलो. आयुष्यात पहिल्यांदा एक बातमी माझ्यासमोरून चालत, छे, सायकलवरून गेली आणि मी ती स्वतःच्या डोळ्यांनी तपासली. आणि कुणालाही द्यायची नव्हती.

मी मुद्दाम उशिरा परतलो. मेजर बाजेवर, कुबड्या शेजारी, डावी घडी पिनेनं टाचलेली.

"लवकर उठलासा," ते म्हणाले. "आमाला काय, पडून ऱ्हायचं."

उजव्या घोट्यावर मात्र पत्र्याची क्लिप तशीच होती. पायजमा चेनमध्ये अडकू नये म्हणून लावतात ती. चहा घेऊन काकू दारात आल्या. त्यांनी क्लिप बघितली, मग मला बघितलं, आणि चहा घेऊन आमच्या दोघांच्या मधे येऊन उभ्या राहिल्या.

निघताना मी मेजरांच्या पाया पडलो. यापूर्वी कधी पडलो नव्हतो. एकच पाय होता, त्यावर डोकं टेकलं आणि घोट्यावरची क्लिप अलगद काढून मुठीत घेतली. डोक्यावर हात आला. तो बराच वेळ तिथंच राहिला.

वाटेपर्यंत काकू आल्या. पदराखालून चार डाळिंबं काढून माझ्या पिशवीत घातली.

"ही माझ्याकडनं," म्हणाल्या.

परतीची गाडी विट्याच्या स्टँडवर आल्यावर माझ्या लक्षात आलं, की क्लिप मुठीतच राहिली. म्हणजे उद्या सकाळी माळावर मेजरांचा पायजमा चेनमध्ये अडकणार. पोस्टानं पाठवावी, तर पाकीट उघडून त्यांना काय वाटेल, हे सांगायला ज्योतिषी नको. एवढंसं चांगलं करायला गेलो, तेही धड जमलं नाही. मेजर जाऊन आता बरीच वर्षं झाली. क्लिप अजून टाईपरायटरच्या ड्रॉवरमध्ये आहे.