चावलेली जांभळी अंगठी

सोनं माणसाची पारख करतं, असं आमच्या मोठेबाबांचं, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचं, गंभीर मत होतं. सोन्याची पारख मात्र ते स्वतः करत, दातांनी. साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, मुलाकडून आलेला दागिना आधी त्यांच्या तोंडात जाई. दाताची खूण उमटली की लग्न पक्कं.

आदिलाबादच्या एका हॉलमध्ये माझ्या धाकट्या बहिणीचं साक्षगंध होतं. मुलगा तिनंच पसंत केलेला, हैदराबादला नोकरीला. तिला जांभळा रंग आवडतो म्हणून त्यानं जांभळ्या सोन्याची अंगठी आणली होती. बुद्धवंदना झाली. पंचशील झालं, कोणत्याही जिवाला इजा न करण्याचं शील आम्ही सगळे एका सुरात म्हणालो. मग मोठेबाबांनी अंगठी चावली.

कट्‌कन आवाज झाला. त्यांच्या तळहातावर अंगठीचे दोन तुकडे पडले, मागोमाग रक्त.

"सोनं हाय का बिस्कीट? काच घालून राह्यले का आमच्या पोरीले?"

मुलाच्या मामानं त्यांच्या कानाखाली वाजवली. शाळेत शिस्त लावण्यात ज्यांची हयात गेली त्या माझ्या वडिलांनी स्टीलचा जग मामाच्या कपाळावर हाणला. मग खुर्च्या सुरू झाल्या. वॉचमन तेलुगूत "आगंडि, आगंडि" म्हणत थांबवायला धावला आणि त्यालाही एक बसली. मी कुणाची तरी कॉलर धरली होती. कुणाची, ते अजून कळलेलं नाही. नवरदेव दोन्ही बाजूंचा मार खात ओरडत होता, "जांभळं सोनं ठिसूळच राहते! आपटू नका म्हणून सांगतलं होतं दुकानदारानं. चावू नका म्हणून नाई सांगतलं!"

बहीण पायांखाली तुकडे शोधत होती. कुणाच्या तरी टाचेनं तिची बोटं चिरडली. ती उठली ती रक्ताळलेली मूठ मोठेबाबांच्या नाकासमोर धरूनच.

"लग्न मले करायचं हाय का तुमाले? काऊन मारून राह्यले त्याले? मी याच्याशीच करीन. अंगठीबिगर करीन!"

उगारलेल्या खुर्च्या खाली आल्या. मामा कपाळ धरून खाली बसला. मोठेबाबांनी तोंड पुसलं. "बरं," ते म्हणाले, "पण पुढची पिवळी आणा."

लग्न झालं. पिवळी अंगठी मोठेबाबांनी दाढेनं तपासली, कारण पुढचा दात उरला नव्हता. जांभळे तुकडे आम्ही सराफाला दाखवले. सोनं खरं निघालं. त्याला तो राजेशाही रंग देणारा दुसरा धातू म्हणजे ॲल्युमिनियम. आमचं दुधाचं पातेलं त्याचंच आहे.