काकांचा खड्डा

आमच्या घराण्यात शेतकी शिकून बी.एजी. झालेला पहिला मी. पण शेजारमळ्यातले काका मला मास्तरच म्हणतात. त्यांच्या जमिनीतला कस चाललाय, कांदा सुपारीएवढा निघतोय. भेटतील तेव्हा सांगतो, शेण चुलीत जाळू नका, खड्ड्यात कुजवून जमिनीला द्या. माझं वाक्य संपायच्या आतच त्यांची मान डोलते. "बराबर हाय, मास्तर."

यंदा त्यांनी खरंच खड्डा खणला. मी हरखून पाहायला गेलो, तर तो गोवऱ्यांनी काठोकाठ भरलेला.

"शिमग्याला पोरं गोवऱ्या पळवत्यात," ते खुशीत म्हणाले. "तुमची युक्ती लय नामी. आता कुणाला सापडायच्या नाय."

वर आईसाठी टोपलीभर माझ्या हातात दिल्या. मी टोपली घेऊन निघालो, तर मागून हाक आली, "मास्तर, आता जमिनीचं तेवढं सांगा, काय करू?"